सत्काराची यादी



दरवर्षी जून महिन्यातल्या एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर आमच्या चर्चमध्ये मुलांचा सत्कार होतो. एसएसएलसीला कोणाला किती टक्के पडले, पीयूसीला किती, कोण बीकॉम झाले, कोण इंजिनिअर झाले, फादर एकेक नाव वाचतात. मूल वेदीजवळ येते, त्याला गुलाबाचे फूल आणि पेन मिळते, बाकावर बसलेली आई पदराने डोळे टिपते. नावांची ही यादी गेली अकरा वर्षे आम्हीच करत आलो आहोत. एका वहीत चार रकाने आखलेले आहेत: नाव, परीक्षा, टक्के, कॉलेज.

ह्या चार रकान्यांविषयी आज थोडे लिहायचे आहे, आणि लिहिताना लाजही वाटते आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात केशवापूरच्या बाजूची एक अक्का आम्हाला भेटायला आली. चार घरी स्वयंपाक करते. नवरा जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा आमच्या दृढीकरणाच्या वर्गात होता. अबोल पोरगा, पण माइक बंद पडला की सगळे त्याच्याकडे बघायचे. तो गुडघ्यावर बसून वायर सोलायचा, आणि आमचे वचनपठण पुढे सुरू व्हायचे. एसएसएलसीला त्याला अठ्ठावन्न टक्के पडले होते.

“सर, तुम्ही सांगितलं तर ऐकेल तो,” अक्का म्हणाली. “आयटीआय, आयटीआय म्हणून बसलाय. फिटर व्हायचं म्हणे. त्याला कॉलेजात घाला की. निदान बीए तरी होऊ दे तुमच्यासारखा.”

आम्ही “सांगतो” म्हणून बसलो. तुमच्यासारखा म्हटल्यावर कोणाला बरे वाटत नाही?

त्या आठवड्यात कामासाठी धारवाडला जाणे झाले. चिगरी बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. उणकल गेले, नवलूर गेले, आणि डोक्यात तोच विषय. धारवाडला उतरल्यावर पाय आपोआप आमच्या जुन्या कर्नाटक कॉलेजकडे वळले. आमचे बीए तिथलेच, विषय इतिहास. ती भव्य दगडी इमारत पाहिली की आजही छाती फुगते. पण तिचा इतिहास आम्हाला तिथे शिकत असताना कोणी सांगितला नव्हता, आम्ही नंतर वाचला. ती इमारत कॉलेजसाठी बांधलेलीच नाही. ती सदर्न मराठा रेल्वे कंपनीची मुख्य कचेरी होती. कंपनी १८८२ साली स्थापन झाली, धारवाडला तिचे साहेब बसायचे आणि हुबळीच्या गदग रोडवर तिचा कारखाना उभा राहिला. १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत विलीन झाली, कारभार मद्रासला गेला, आणि पुढे १९१७ साली सुरू झालेल्या कॉलेजला ही वास्तू मिळाली. म्हणजे रेल्वेच्या घरात बसून आम्ही पदवी घेतली. त्याच रेल्वेच्या हुबळीच्या कारखान्यात आमचे वडील फिटर होते.

वडिलांविषयी दोन शब्द. कामावरून आले की ते आधी मागच्या दारी जाऊन रॉकेलने हात पुसायचे, मग साबण लावायचे, मगच आम्हाला जवळ घ्यायचे. तरी तो वास राहायचाच. बोटांच्या भेगांत काळी रेघ असायची, ती ख्रिस्तजयंतीच्या दिवशीही निघायची नाही. “माझ्यासारखे हात तुमचे व्हायला नकोत,” एवढेच ते म्हणायचे. आम्ही थोरले, आम्ही ते मनावर घेतले आणि बीए झालो. धाकटा भाऊ पीयूसीला नापास झाला. घरात महिनाभर सुतक असल्यासारखे होते. आई रडायची, वडील बोलायचे नाहीत. शेवटी तो आयटीआयला गेला, दोन वर्षे फिटर ट्रेड केला, मग वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस झाला. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी काही लगेच मिळाली नाही. गोकुळ रोडवरच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात त्याने तीन-साडेतीन वर्षे काम केले, रेल्वे भरतीच्या परीक्षा देत राहिला, आणि शेवटी टेक्निशियन म्हणून लागला.

आम्ही पदवीधर झालो आणि एका खाजगी शाळेत महिना अठराशे रुपयांवर लागलो. उन्हाळ्याच्या सुटीचा पगार नाही. आमच्या लग्नाची बोलणी सुरू असताना पाहुण्यांनी विचारले, धाकटा काय करतो? आम्ही म्हणालो, “रेल्वेत आहे.” हे “रेल्वेत आहे” फार सोयीचे वाक्य आहे. ऐकणाऱ्याला त्यातून स्टेशनमास्तर दिसू शकतो. फिटर आहे, हे शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. भाऊ शेजारीच चहाचा कप घेऊन बसला होता. तो काही बोलला नाही. पुढे आमच्या मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकरा वाजता ज्याने पैसे आणून दिले, तो हाच. तेव्हाही तो काही बोलला नाही.

तर धारवाडहून परत येऊन आम्ही त्यालाच विचारले, ह्या पोराला काय सांगू? तो हसला. म्हणाला, “आधी विचार कुठला ट्रेड, मग कुठली आयटीआय. नुसतं आयटीआय म्हणजे नुसतं बीए म्हटल्यासारखंच आहे.”

मग त्याने जे सांगितले ते आमच्या पॅरिशमधल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक असावे असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, प्रमाणपत्रावर एनसीव्हीटीचा शिक्का आहे का ते पाहा. पाटी आयटीआयची आणि मशीन एकही चालू नाही, अशाही जागा असतात. प्रवेशाआधी वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा, लेथ फिरताना दिसला पाहिजे. दुसरी, दहावीचे गुण वाया जात नाहीत. आपल्या नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय २००३ पासून हुबळीतच आहे. तिथे अप्रेंटिस कायद्याखाली, म्हणजे १९६१ च्या कायद्याखाली, जी मुले घेतात त्यांची वेगळी परीक्षा होत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून यादी लागते. वय पंधरा ते चोवीस, राखीव वर्गांना सवलत. तिसरी, आणि ही गोष्ट भावाने दोनदा सांगितली, अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे. ती पुरी केलेल्यांसाठी लेव्हल एकच्या भरतीत वीस टक्के जागा ठेवलेल्या असतात, पण परीक्षा द्यावीच लागते. २०१९ मध्ये ह्या लेव्हलच्या १,०३,७६९ जागा निघाल्या आणि अर्ज आले एक कोटीच्या वर. परीक्षा झाल्या २०२२ मध्ये. तीन वर्षे पोराने घरी बसून काय करायचे? म्हणून हातात असा ट्रेड हवा की रेल्वेची वाट पाहताना बाहेरही पोट भरेल. आपल्याकडे व्हॉल्व्हचे कारखाने आहेत, तारिहाळ आहे, धारवाडकडे बेळूरची औद्योगिक वसाहत आहे. सीएनसी मशीन चालवणारा, नुसता बटण दाबणारा नव्हे तर ड्रॉइंग वाचून सेटिंग करणारा, तो कुठेही उपाशी राहत नाही.

पगाराचे विचारले तेव्हा त्याने सांगितले की सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल एकचा मूळ पगार १८,००० पासून सुरू होतो, टेक्निशियनचा आणि असिस्टंट लोको पायलटचा १९,९०० पासून. वर महागाई भत्ता, घरभाडे. गाडी चालवणाऱ्याला धावण्याचा भत्ता निराळा. आणि ह्या लोको पायलटसाठीही दहावी आणि ठराविक ट्रेडची आयटीआय एवढे शिक्षण चालते, डिग्री लागत नाही. मात्र डोळे लागतात. बिनचष्म्याची ६/६ नजर आणि रंग अचूक ओळखता आले पाहिजेत. फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या. किती मुले लेखी परीक्षा पास होऊन मेडिकलमध्ये परत येतात!

अठ्ठावन्न टक्क्यांच्या मुलाला गव्हर्नमेंट टूल रूम अँड ट्रेनिंग सेंटरही आहे, आपल्या हुबळीत त्याची शाखा आहे. टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा दहावीनंतर करता येतो, तीन वर्षे शिकायचे आणि एक वर्ष कारखान्यात. आणि ज्याला आयटीआयनंतर पुढे शिकावेसे वाटेल त्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. दार बंद होत नाही.

एक गोष्ट मात्र भावाने लपवली नाही. आयटीआय झालेली कितीतरी मुले ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबतात, त्यांचा पीएफ भरला जातो की नाही हे त्यांनाही माहीत नसते. हुनर असूनही पगार चोरला जातो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या प्रश्नावर परिपत्र काढले, त्यात न्याय्य मजुरीचा आग्रह आहे, तो ह्यासाठीच. तेव्हा हातकाम म्हणजे आपोआप चांगला पैसा असे आम्ही कोणाला सांगणार नाही. भाऊ म्हणाला, पहिल्या महिन्यापासून पगाराची चिठ्ठी मागायची. न देणाऱ्याकडे काम शिकायचे आणि निघायचे.

हे सगळे वहीत उतरवून घेतले. (चार रकान्यांच्याच वहीत, मागच्या पानावर.) पण त्या रात्री झोप आली नाही, ती वेगळ्या कारणाने.

आम्ही धर्मशिक्षक. मुलांना मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो की नासरेथच्या लोकांनी येशूला सुतार म्हणून ओळखले. पण ते कौतुकाने म्हणाले नव्हते, हे मात्र आम्ही भरभर सांगून पुढे जातो. ह्याला एवढे ज्ञान आले कुठून, हा तर आपल्या गल्लीतला सुतार, असा त्यांचा सूर होता. मूळ ग्रीक शब्द टेक्टोन. लाकडाचे काम करणारा, बांधकाम करणाराही. नासरेथपासून तासा-दीड तासाच्या चालीवर सेप्फोरिस नावाचे शहर त्या काळात हेरोद अंतिपा पुन्हा बांधत होता. नासरेथचे कारागीर तिथे कामाला जात असावेत असे काही अभ्यासकांना वाटते. प्रभूची जाहीर सेवा सुमारे तीन वर्षांची, आणि त्याआधीची तीस वर्षे नासरेथची, बरीचशी हत्यारांच्या सोबतीची. त्या हातांनाही वास येत असेल. मरियामातेने तो ओळखला असेल.

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल येतो. देव त्याला आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? भविष्य सांगण्यासाठी नव्हे, राज्य करण्यासाठी नव्हे. सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्ने कोरण्यासाठी, लाकडावर नक्षी काढण्यासाठी. आम्ही दृढीकरणाच्या वर्गात पवित्र आत्म्याची सात दाने पाठ करून घेतो, पण बसालेलचे नाव घेतल्याचे आठवत नाही. आणि पौल तर गमलिएलच्या पायाशी शिकलेला, म्हणजे आजच्या भाषेत चांगल्यातल्या चांगल्या विद्यापीठाचा. तरी करिंथमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. त्याने एक हात पुस्तकावर ठेवला म्हणून दुसरा सुईवरून काढला नाही.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आले आणि १८३९ मध्ये हुबळीला. आमचे ते प्रोटेस्टंट बांधव. ख्रिस्ती झालेल्या माणसाचे घर सुटायचे, जात सुटायची आणि त्याबरोबर पोटाचा धंदाही सुटायचा. नुसत्या प्रार्थनेने चूल पेटत नाही हे त्या मिशनऱ्यांनी ओळखले आणि मंगळूरला विणकाम सुरू केले, १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौले आजही आपल्या डोक्यावर आहेत. आणि मुलींचे काय, असे कोणी विचारील तर केडगावच्या मुक्तीसदनाकडे पाहा. पंडिता रमाबाईंनी तिथे स्वतःचा छापखाना उभा केला. विधवा आणि अनाथ मुली खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंचे मराठी बायबल ह्याच छापखान्यातून १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, बाहेर आले. ज्यांना शाळेचे दार कोणी उघडले नव्हते त्यांच्या बोटांतून वचन छापले गेले.

आणि आम्ही त्या परंपरेतले असून चार रकाने आखून बसलो होतो.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी अक्काच्या घरी गेलो. तिने चहा केला. पोरगा दारात पंख्याची मोटर उघडून बसला होता. आम्ही भावाचे सांगितले ते सारे सांगितले. अक्का ऐकत राहिली, मग म्हणाली, “सर, ते पगाराचं मला कळतंय. पण माझा जन्म लोकांची भांडी काळी-पांढरी करण्यात गेला. ह्यानं पण हातच काळे करायचे का?”

ह्यावर आम्हाला काही बोलता आले नाही. हे आमच्या वडिलांचेच वाक्य होते. आमच्याकडे बसालेल होता, पौल होता, पण तिच्यासमोर ती नावे घेणे बरे वाटेना. ज्याने आयुष्यभर श्रमाचा अपमान सोसला आहे त्याला श्रमाचा महिमा सांगायला आम्ही कोण? अपमान कामात नव्हता, काम देणाऱ्यांच्या वागण्यात होता, हे आम्हाला बसमधून घरी जाताना सुचले. वेळेवर सुचले नाही.

तेवढ्यात पोराने मान वर न करता विचारले, “सर, तुम्ही बीए झाला. तुम्हाला किती मिळतंय?”

“अरे गप की!” अक्का ओरडली.

आम्ही खरा आकडा सांगितला. वीस वर्षांच्या नोकरीनंतरचा. घरात क्षणभर शांतता. पोराने स्क्रू वाटीत ठेवला. अक्काने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की आम्हाला तिचीच कीव येत असल्यासारखी वाटली, मग लक्षात आले, कीव ती आमची करते आहे. तिने आणखी अर्धा कप चहा ओतला.

इथे एक सांगितले पाहिजे. बीए केल्याचा आम्हाला पश्चात्ताप नाही. इतिहास आमचा जीव आहे. कॉलेजची ती इमारत रेल्वेची होती हे शोधून काढण्यात जो आनंद झाला तो कोणत्या पगारात बसतो? ज्याला पुस्तकाची ओढ आहे त्याने जरूर कॉलेजात जावे, उपास काढून जावे. पण चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून तीन वर्षे फी भरायची, आणि ज्या पोराचे हात बोलतात त्याला बाकावर बसवून ठेवायचे, हे काही शिक्षण नव्हे.

पोरगा आयटीआयला गेला. फिटर ट्रेड, दोन वर्षे.

मग आम्ही वहीची जुनी पाने काढली. अकरा वर्षांत आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून गेलेली आणि यादीत कधीच न आलेली नावे आठवून लिहू लागलो. घरी हिनेही मदत केली, तिच्या लक्षात अधिक राहते. नऊ नावे निघाली. एक वेल्डर होऊन कतारला गेलेला, एक जण लिफ्ट बसवणारा, एक मुलगी शिवणकाम शिकून स्वतःची दोन मशीन टाकलेली. दुष्टपणा कोणी केला नव्हता. एक तर आयटीआयचे निकाल जूनच्या त्या रविवारपर्यंत आलेलेच नसतात. आणि रकाना नव्हता म्हणून कोणी विचारले नाही, कोणी विचारले नाही म्हणून रकाना आखला गेला नाही. पण वही आमची होती.

नऊपैकी सात जणांना फोन लागला. बहुतेक हसले. “सर, आता कशाला?” म्हणाले. लिफ्टवाला मात्र थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “त्या रविवारी आईने नवीन साडी नेसली होती, सर. तिला वाटलं माझं पण नाव घेतील. मी तिला सांगितलंच नव्हतं की आयटीआयचं घेत नाहीत.” त्याची आई दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेली. तिच्या अंत्यविधीत वचन आम्हीच वाचले होते.

आम्ही फादरांना हे सांगितले. त्यांनी फार चर्चा केली नाही. संत योसेफ कामकऱ्याचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मेला ठेवला आहे, पण तेव्हाही ह्या मुलांचे निकाल नसतात, म्हणून शेवटी ८ सप्टेंबर ठरला, मरियामातेच्या जन्माचा सण. फादर म्हणाले, पेन नको, मुलांना विचारा काय उपयोगी पडेल. विचारले. सगळ्यांनी एकच सांगितले: व्हर्नियर कॅलिपर. चांगला घ्यायचा तर पेनाच्या कितीतरी पट किंमत पडते. सध्या वर्गणी गोळा करतो आहोत. आमच्या भावाने न मागता तिघांचे पैसे दिले आणि नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. ह्या वेळी आम्हीच बोललो, लग्नाच्या बोलणीतल्या त्या चहाच्या कपाविषयी. तो म्हणाला, “मला आठवत नाही.” आठवत असणार.

अक्काचे पोर आता पहिल्या वर्षात आहे. परवा मिस्सेनंतर तिला दुसऱ्या एका बाईशी बोलताना ऐकले. मुलगा काय करतो म्हणून त्या बाईने विचारले होते. “डिप्लोमा करतोय की,” अक्का म्हणाली, आणि आम्हाला पाहून जीभ चावली. आम्ही काही न ऐकल्यासारखे करून माइकची वायर गुंडाळत राहिलो.